संगणकशास्त्र पदवीचे अंतिम वर्ष : प्रकल्प, रोजगार आणि मूल्यमापन

सारांश

बी.एस्सी. (संगणकशास्त्र) पदवीच्या अंतिम वर्षात प्रकल्प, कार्यप्रशिक्षण, नोकरीच्या निवडचाचण्या, पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा आणि सत्रपरीक्षा ही पाच कामे विद्यार्थ्यासमोर जवळजवळ एकाच वेळी उभी राहतात. त्यांपैकी प्रकल्प हे एकच काम असे आहे की, ज्याचे उत्तर आधीच कोणाकडे तयार नसते. तरीही वेळेची ओढाताण झाली की सर्वप्रथम त्याचाच बळी जातो. प्रस्तुत लेखात या वर्षाची बदललेली रचना, प्रकल्प-अहवालाची परंपरा आणि प्रकल्पाचे मूल्यमापन यांचा परस्परसंबंध स्पष्ट केला आहे. महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या मराठी ग्रंथसूचीचे उदाहरण घेऊन, नेहमीच्या विषयातही खरा प्रश्न कसा दडलेला असतो हे दाखविले आहे. अहवालाच्या फाईलऐवजी विद्यार्थ्याच्या आकलनाला गुण देणारी, उपलब्ध मनुष्यबळात बसणारी मूल्यमापनपद्धती शेवटी सुचविली आहे.

बीजसंज्ञा : संगणकशास्त्र, अंतिम वर्ष, प्रकल्प, तोंडी परीक्षा, कार्यप्रशिक्षण, देवनागरी वर्णक्रम, मूल्यमापन.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांत संगणकशास्त्राचा विभाग आज सर्वत्र दिसतो. मोठ्या शहरांप्रमाणेच तालुक्याच्या गावीही हा अभ्यासक्रम चालतो. तेथे येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी असते. अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने पदवीचे अंतिम वर्ष म्हणजे घराने केलेल्या खर्चाचा आणि ठेवलेल्या अपेक्षांचा हिशेब द्यावयाचे वर्ष होय.

या वर्षाच्या शेवटी त्याच्या हाती दोन गोष्टी येतात : एक गुणपत्रक आणि एक प्रकल्प. गुणपत्रक सर्वांजवळ सारख्याच स्वरूपाचे असते. 'तुम्ही स्वतः काय केले?' या मुलाखतीतील प्रश्नाला उत्तर देण्यासाठी त्याच्याजवळ प्रकल्पाखेरीज दुसरा आधार नसतो. शहरातील संपन्न विद्यार्थ्याला बाहेरचे वर्ग, ओळखी, सफाईदार इंग्रजी असे अन्य आधार असू शकतात. ज्याच्याजवळ ते नाहीत, त्याचा प्रकल्प पोकळ निघाला तर त्याचे नुकसान अधिक होते. म्हणून प्रकल्पाच्या मूल्यमापनाचा प्रश्न हा गुणदानाच्या तपशिलाचा नसून समान संधीचा प्रश्न आहे.

२. उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 'अंतिम वर्ष' या संज्ञेचा बदललेला अर्थ स्पष्ट करणे.
२) अंतिम वर्षाच्या दोन सत्रांत विद्यार्थ्याच्या वेळेवर येणाऱ्या ताणाचे स्वरूप पाहणे.
३) प्रकल्प-अहवालाच्या रूढ आराखड्यामागील विचार आणि त्याचा होणारा विपर्यास तपासणे.
४) विद्यार्थ्याच्या आकलनावर आधारित मूल्यमापनाची व्यवहार्य रूपरेषा मांडणे.

३. 'अंतिम वर्ष' कोणते?

एकेकाळी या प्रश्नाचे उत्तर सरळ होते. तृतीय वर्ष म्हणजे अंतिम वर्ष. केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२० मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास मान्यता दिली. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांचा श्रेयांक-आराखडा प्रसिद्ध केला. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने राज्यासाठी रचना ठरवून दिली. स्वायत्त महाविद्यालयांत ती २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून प्रथम वर्षास लागू झाली. म्हणजे संलग्न महाविद्यालयातील या रचनेची पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये तृतीय वर्षात असेल.

आयोगाच्या आराखड्यानुसार सहा सत्रे व किमान १२० श्रेयांक पूर्ण करणाऱ्यास तीन वर्षांची पदवी मिळते. आठ सत्रे व किमान १६० श्रेयांक पूर्ण करणाऱ्यास ऑनर्स पदवी मिळते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असणाऱ्यास चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन-प्रकल्प करून 'संशोधनासह ऑनर्स' ही पदवी घेता येते. चार वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षाचे ठेवण्याची तरतूदही आहे. दुसरीकडे एम.सी.ए. हा पूर्वीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम २०२०-२१ पासून दोन वर्षांचा झाला असून तीन वर्षांच्या पदवीनंतर तेथे प्रवेश घेता येतो.

या तरतुदींचा एकत्रित परिणाम असा की, तृतीय वर्षाचा विद्यार्थी आता एका चौकात उभा असतो. नोकरी, चौथे वर्ष, एम.सी.ए. किंवा एम.एस्सी. यांपैकी एकाची निवड त्याला करावयाची असते. 'संशोधन आपल्याला जमेल काय?' याचा अंदाज त्याला कोठून यावा? लेखी परीक्षेतील गुणांवरून तो येत नाही. स्वतः प्रश्न शोधून तो तडीस नेण्याचा एक तरी अनुभव गाठीशी असावा लागतो. तो अनुभव तृतीय वर्षाचा प्रकल्पच देऊ शकतो. त्यामुळे नव्या रचनेत प्रकल्पाचे महत्त्व वाढले आहे.

४. दोन सत्रे, पाच कामे

पाचवे सत्र पावसाळ्यात सुरू होते. प्रकल्पाचे गट पडतात, मार्गदर्शक नेमले जातात, विषयांच्या याद्या मागविल्या जातात. याच सुमारास कंपन्यांच्या निवडचाचण्या सुरू होतात. त्यांत गणिती व तार्किक क्षमता, इंग्रजी आणि प्रोग्रॅम-लेखन यांची परीक्षा होते. अनेक कंपन्या दहावीपासून ६० टक्के गुणांची आणि एकही विषय शिल्लक नसण्याची अट घालतात. ज्याची द्वितीय वर्षाची एटीकेटी बाकी आहे, त्याचे पाचवे सत्र त्या विषयाच्या तयारीतच जाते. दिवाळीच्या आगेमागे सत्रपरीक्षा होते.

सहाव्या सत्रात प्रात्यक्षिक परीक्षा, प्रकल्पाची पूर्तता, कार्यप्रशिक्षण आणि पदव्युत्तर प्रवेशपरीक्षांची तयारी एकत्र येतात. अभियांत्रिकीच्या 'गेट' परीक्षेस तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही बसता येऊ लागल्यामुळे काही होतकरू विद्यार्थी तिकडेही वळतात. निवड झालेल्या विद्यार्थ्याची चिंता संपते असेही नाही. २०२२ नंतर अनेक माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांनी निवड झालेल्या पदवीधरांना रुजू करून घेण्यास विलंब लावला, हा अनुभव अजून ताजा आहे.

या पाच कामांपैकी चारांच्या तारखा बाहेरून ठरतात. प्रकल्पाची तारीख मात्र महाविद्यालयाच्या हाती असते, म्हणून ती पुढे ढकलली जाते. परिणामी वर्षभराचे काम शेवटच्या तीन आठवड्यांवर येऊन ठेपते. तीन आठवड्यांत प्रणाली उभी राहत नाही, फाईल मात्र उभी राहते. मागील वर्षीच्या गटाची प्रत, इंटरनेटवरील तयार प्रोग्रॅम किंवा शहरातील तयार प्रकल्प विकणारे दुकान यांचा आधार घेतला जातो. मुखपृष्ठावरील नावे बदलतात, सोनेरी अक्षरांची बांधणी होते आणि प्रमाणपत्रावर स्वाक्षऱ्या होतात.

याकडे केवळ विद्यार्थ्याचा अप्रामाणिकपणा म्हणून पाहणे अपुरे ठरेल. ज्या व्यवस्थेत फाईलला गुण मिळतात आणि ती कशी तयार झाली हे कोणी विचारीत नाही, तेथे वेळेची टंचाई असलेला विद्यार्थी फाईलच तयार करणार. म्हणून सुधारणेचा आरंभ मूल्यमापनापासून करावा लागतो.

५. प्रकल्प-अहवालाची परंपरा

प्रस्तावना, विद्यमान पद्धतीचा अभ्यास, व्यवहार्यता, गरजांची निश्चिती, माहितीप्रवाहाच्या आकृत्या, तक्त्यांची रचना, पडद्यांची चित्रे, चाचण्या, मर्यादा व भावी विस्तार, हा अहवालाचा क्रम प्रत्येक प्राध्यापकास परिचित आहे. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या परिषदेनंतर 'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' ही संज्ञा रूढ झाली. १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी मोठ्या प्रणालींच्या निर्मितीतील टप्पे एकाखाली एक मांडून दाखविले. पुढे तीच आकृती 'धबधबा पद्धती' या नावाने पाठ्यपुस्तकांत स्थिरावली. वस्तुतः रॉइस यांनी त्याच निबंधात, केवळ या सरळ क्रमाने जाणे धोक्याचे आहे असा इशारा दिला होता. ग्राहकाला आरंभापासून सहभागी करून घ्यावे आणि नवी प्रणाली जणू दोनदा बांधावी, असे त्यांचे मत होते. पाठ्यपुस्तकांनी आकृती उचलली, इशारा मात्र मागे राहिला.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. काम जसे झाले तसाच अहवाल लिहावा, असा आग्रह धरता येईल काय? डेव्हिड पार्नास आणि पॉल क्लेमेंट्स यांनी १९८६ मध्ये या प्रश्नाचे मार्मिक उत्तर दिले. प्रत्यक्ष काम कधीच आदर्श क्रमाने होत नाही, हे त्यांनी मान्य केले. तरीही वाचणाऱ्याच्या सोयीसाठी कागदपत्रे आदर्श क्रमाने लिहिणे हितावह आहे, असे त्यांनी दाखविले. म्हणजे अहवाल नंतर नीटनेटका करणे हा दोष नव्हे. निर्णय मुळात घेतलेच नसताना ते घेतल्याचे लिहिणे हा दोष आहे. मार्गदर्शकाने या दोहोंतील भेद ओळखावयाचा असतो आणि केवळ फाईल पाहून तो ओळखता येत नाही.

६. एक उदाहरण : ग्रंथालयाची मराठी सूची

'ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली' हा प्रकल्पाचा सर्वांत घासून गुळगुळीत झालेला विषय मानला जातो. परीक्षक तो पाहताच पाने उलटतात. तथापि विषय जुना असल्याने प्रश्नही जुना ठरतो असे नाही. ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मराठी ग्रंथ मोठ्या संख्येने आहेत, तेथे विद्यार्थ्याने ग्रंथांची नावे देवनागरीत भरून ती वर्णानुक्रमे लावावीत, एवढेच सांगून पाहावे.

देवनागरी लिपीचा समावेश युनिकोड या जागतिक प्रमाणात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तेथे प्रत्येक अक्षरचिन्हास एक संकेतांक असतो आणि साधा प्रोग्रॅम त्या संकेतांकांच्या क्रमाने नावे लावतो. हा क्रम अनेक भाषांना सामाईक आहे, मराठीच्या वर्णमालेप्रमाणे नाही. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल'च्या पाठोपाठ आणि 'व'च्या आधी येतो. मराठी वर्णमालेत त्याचे स्थान 'ह'नंतर आहे. त्यामुळे संगणक 'कळप' आधी आणि 'कवच' नंतर ठेवतो, मराठी वाचकास मात्र उलट क्रम अपेक्षित असतो. 'क्ष' आणि 'ज्ञ' शाळेत शिकविलेल्या वर्णमालेच्या शेवटी येतात. संगणकाच्या लेखी 'क्ष' म्हणजे 'क', हलन्तचिन्ह आणि 'ष' यांची जोडी. म्हणून 'क्षितिज' हा शब्द 'ख'च्या आधी जाऊन बसतो.

शोधाची अडचण याहून सूक्ष्म आहे. 'वऱ्हाड' या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकलिखित करता येतो. एका प्रकारात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते, दुसऱ्यात साध्या 'र'ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देतात. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संगणकाला ती भिन्न वाटतात. नोंद एका प्रकारे आणि शोध दुसऱ्या प्रकारे झाला की, ग्रंथ कपाटात असूनही 'उपलब्ध नाही' असे उत्तर मिळते. 'ॲरिस्टॉटल' या नावाचे आद्याक्षर तर तीन प्रकारे लिहिले जाते : २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलेले 'ॲ', हिंदी वळणाचे 'ऍ' आणि 'अ'वर चंद्र देऊन केलेले रूप. पहिल्या प्रकारे लिहिलेले नाव यादीत 'ह'च्याही पुढे जाते, दुसऱ्या प्रकारचे 'ए'च्या आधी येते आणि तिसरे 'अ'च्या शब्दांच्या शेवटी पडते. एकाच तत्त्वज्ञावरील तीन ग्रंथ सूचीत तीन ठिकाणी विखुरतात.

या अडचणींचा शोध लागताच विद्यार्थ्यापुढे खरे निर्णय उभे राहतात. कोशांत 'क्ष'चे स्थान सर्वत्र एकसारखे नसते. मग या ग्रंथालयात कोणता क्रम पाळावा? याचे उत्तर पुस्तकात नाही, ग्रंथपालाजवळ आहे. त्यासाठी विद्यार्थ्याला ग्रंथपालासमोर बसून जुनी नोंदवही पाहावी लागते. नाव साठवितानाच सर्व रूपे एका प्रमाण रूपात आणावीत की शोधाच्या वेळी आणावीत? भाषेनुसार वर्णक्रम बदलण्याची सोय युनिकोडच्या पूरक प्रमाणात उपलब्ध आहे. ती वापरावी की स्वतः क्रमतक्ता लिहावा? पूर्वी भरलेल्या हजारो नोंदींचे काय करावे? यांतील प्रत्येक प्रश्नाला एकाहून अधिक उत्तरे आहेत आणि प्रत्येक उत्तराची काही किंमत मोजावी लागते.

लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, यासाठी महागडी यंत्रे किंवा अवघड गणित लागत नाही. द्वितीय वर्षापर्यंत शिकविलेली विदा-संरचना आणि माहितीसंचाचे ज्ञान पुरेसे ठरते. शिवाय मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचे भाषाज्ञान येथे अडसर न होता भांडवल ठरते. 'क्ष' कोठे यावा हे त्याला सांगावे लागत नाही.

७. आकलनाच्या तीन कसोट्या

प्रकल्पाचे खरे फलित कोणते, या प्रश्नाचा सखोल विचार डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात केला. २००५ चा ट्यूरिंग पुरस्कार त्यांना लाभला. त्यांच्या मते प्रोग्रॅम-लेखनाचे मुख्य फलित म्हणजे छापील आज्ञावली किंवा कागदपत्रे नव्हेत. लिहिणाऱ्याच्या मनात तयार होणारी त्या प्रश्नाविषयीची सुसंगत समज, ज्याला ते 'सिद्धांत' म्हणतात, ते खरे फलित होय. ही समज असणाऱ्यास तीन गोष्टी करता येतात. बाह्य जगातील व्यवहार प्रोग्रॅममध्ये कसा उतरला आहे हे त्याला सांगता येते. प्रत्येक भाग तसाच का आहे याचे समर्थन करता येते. आणि नवी मागणी आली असता बदल कोठे व कसा करावा हे ठरविता येते.

पदवी परीक्षेच्या दृष्टीने या तीन क्षमता म्हणजे तीन तयार कसोट्या आहेत. ग्रंथालयाच्या उदाहरणात पहिला प्रश्न असा होईल : 'ग्रंथपाल हरवलेल्या पुस्तकाची नोंद कशी करतात आणि ती तुमच्या तक्त्यात कोठे दिसते?' दुसरा : 'नाव साठवितानाच प्रमाण रूपात का आणले? शोधाच्या वेळी आणले असते तर काय बिघडले असते?' तिसरा : 'उद्या ग्रंथालयाने हिंदी पुस्तकांसाठी वेगळा क्रम मागितला तर कोणता भाग बदलाल? येथेच बदलून दाखवा.' विकत घेतलेल्या प्रकल्पाच्या आधारे पहिल्या प्रश्नास पाठ केलेले उत्तर देता येईल. दुसऱ्या प्रश्नाशी अडखळणे सुरू होते आणि तिसऱ्याशी सारे स्पष्ट होते.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅट-जीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यापासून या कसोट्यांची निकड वाढली आहे. अशा साधनांकडून चालणारा प्रोग्रॅम, आकृत्यांचे वर्णन आणि अहवालाची प्रकरणे काही मिनिटांत मिळू शकतात. पूर्वी नक्कल करण्यासाठी निदान दुसऱ्याची फाईल मिळवावी लागे, आता तेवढेही श्रम नाहीत. म्हणून फाईल हा विद्यार्थ्याच्या कामाचा पुरावा म्हणून जवळजवळ निरुपयोगी झाली आहे. या साधनांवर सरसकट बंदी घालणे व्यवहार्य नाही, कारण उद्योगातही ती वापरली जात आहेत. साधन वापरल्याचे विद्यार्थ्याने नमूद करावे आणि मिळालेल्या प्रत्येक ओळीची जबाबदारी घ्यावी, अशी अट अधिक योग्य ठरेल. जबाबदारी घेतली की नाही हे नाउर यांच्या तीन कसोट्या सांगतात.

भाषेचाही विचार येथे आवश्यक आहे. कित्येकदा विद्यार्थ्याला उत्तर येत असते, इंग्रजी वाक्य येत नसते. तोंडी परीक्षेत शांत राहिलेल्या विद्यार्थ्यास 'प्रकल्प याचा नाही' असे समजणे अन्यायकारक होईल. पारिभाषिक संज्ञा इंग्रजीत आणि स्पष्टीकरण मराठीत, अशी मुभा दिल्यास परीक्षा आकलनाची होते, संभाषणकौशल्याची होत नाही. इंग्रजी सादरीकरणाचा सराव स्वतंत्रपणे अवश्य करून घ्यावा, परंतु दोन्हींची सरमिसळ करू नये.

८. कार्यप्रशिक्षण आणि प्रकल्प यांची सांगड

राज्याच्या रचनेनुसार अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यास कार्यप्रशिक्षण घ्यावयाचे असून त्यासाठी साधारणतः ४ श्रेयांक आहेत. अशा कामाच्या एका श्रेयांकास ३० तास धरले जातात. म्हणजे एकूण १२० तास होतात. पुण्या-मुंबईतील विद्यार्थ्यास सॉफ्टवेअर कंपनी मिळू शकते. तालुक्याच्या गावी ती बहुधा नसते आणि मग केवळ प्रमाणपत्र मिळविण्याचा मार्ग शोधला जातो.

वास्तविक पाहता संगणकाचे काम आज प्रत्येक गावात आहे. सहकारी पतसंस्था, साखर कारखान्याचा शेतकी विभाग, बाजार समिती, दवाखाना, शाळा आणि स्वतः महाविद्यालयाचे कार्यालय येथे नोंदी ठेवल्या जातात आणि त्या ठेवताना रोज अडचणी येतात. विद्यार्थ्याने १२० तास तेथे बसून काम पाहिले, तर प्रकल्पाचा प्रश्न त्याला तेथेच मिळेल. कार्यप्रशिक्षण आणि प्रकल्प ही दोन वेगळी ओझी न राहता एकाच कामाचे दोन भाग होतील. अर्थात श्रेयांकांचे गुणदान नियमानुसार स्वतंत्रच राहील.

मात्र यात एक पथ्य पाळावे लागेल. पतसंस्थेचे सभासद किंवा दवाखान्यातील रुग्ण यांची माहिती खासगी असते. भारतात २०२३ मध्ये व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. विद्यार्थ्याने खऱ्या नोंदींची प्रत स्वतःच्या संगणकावर नेऊ नये, चाचणीसाठी बनावट नोंदी तयार कराव्यात आणि संस्थेचे लेखी संमतिपत्र घ्यावे. हे पथ्य पाळणे हाही अंतिम वर्षाच्या शिक्षणाचाच भाग आहे.

९. उपाययोजना

वरील विवेचनाच्या आधारे पुढील उपाय सुचविता येतात. विद्यापीठाच्या परीक्षानियमांस बाधा न आणता, अंतर्गत गुणांच्या मर्यादेतही ते अमलात येऊ शकतात.

१) विषयाऐवजी प्रश्न : ऑगस्टअखेर प्रत्येक गटाने प्रकल्पाचे नाव न देता एक पान लिहून द्यावे. अडचण कोणाची आहे, ती आज कशी हाताळली जाते आणि कोणाशी बोलून हे समजले, एवढेच त्यात असावे.

२) लहान आवाका : दहा अर्धवट पडद्यांपेक्षा पूर्ण विचार केलेला एकच भाग श्रेष्ठ मानावा. दुर्बल विद्यार्थ्यालाही लहान प्रश्न पेलतो.

३) कामाचा माग : लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेली 'गिट' ही विनामूल्य प्रणाली प्रोग्रॅममधील प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद ठेवते. ती पाचव्या सत्राच्या आरंभापासून सक्तीची करावी. ही नोंद बनावट करणे अशक्य नाही, परंतु दर पंधरवड्यास पाहिली गेल्यास तसे करणे खऱ्या कामाइतकेच कष्टाचे होते.

४) निर्णयवही : प्रत्येक गटाने घेतलेला निर्णय, नाकारलेला पर्याय आणि त्याचे कारण तीन-चार ओळींत लिहावे. ही वही मराठीत असली तरी चालेल.

५) मार्गदर्शनाचे तास : ६० विद्यार्थ्यांच्या वर्गात तिघांचा एक याप्रमाणे २० गट होतात. चार मार्गदर्शक असल्यास प्रत्येकाकडे ५ गट येतात. प्रत्येक गटास पंधरवड्यातून २० मिनिटे दिल्यास मार्गदर्शकाची १०० मिनिटे खर्च होतात. हा वेळ वेळापत्रकात दाखविला जावा. जो वेळ वेळापत्रकात नाही, तो प्रत्यक्षात दिला जाईल ही अपेक्षा फोल आहे.

६) तोंडी परीक्षेचा वेळ : प्रत्येक विद्यार्थ्यास १५ मिनिटे द्यावयाची तर ६० विद्यार्थ्यांना १५ तास लागतात. रोज पाच तास धरल्यास तीन दिवस होतात. संपूर्ण वर्ग एका दिवसात उरकण्याच्या प्रथेत दर विद्यार्थ्यास पाच मिनिटेच मिळतात. पाच मिनिटांत फाईलच पाहता येते, विद्यार्थी पाहता येत नाही.

७) तारखांचे संरक्षण : प्रश्ननिश्चिती, पहिली चालती आवृत्ती आणि वापरकर्त्यासमोर चाचणी हे तीन टप्पे शैक्षणिक दिनदर्शिकेत नोंदवावेत आणि अंतर्गत गुण त्या त्या वेळीच द्यावेत. पहिली चालती आवृत्ती पाचव्या सत्राच्या परीक्षेपूर्वी झाल्यास सहाव्या सत्रात ती दुसऱ्यांदा सुधारून बांधण्यास वाव राहतो. रॉइस यांच्या दुर्लक्षित सूचनेचा तोच आशय आहे.

या उपायांवर एक व्यावहारिक आक्षेप घेतला जाईल. तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर चालणाऱ्या विभागात एवढा वेळ कोणी द्यावा? हा आक्षेप रास्त आहे. अशा विभागाने सातही उपाय एकदम स्वीकारू नयेत. पहिला आणि सहावा हे दोनच उपाय घेतले तरी चालतील. प्रश्न खरा असेल आणि शेवटी तो समजला की नाही हे नीट विचारले जाणार असेल, तर मधले बरेचसे काम विद्यार्थी स्वतःहून करतो.

१०. निष्कर्ष

१) नव्या पदवीरचनेत तृतीय वर्ष हे निवडीचे वर्ष झाले असून, योग्य निवडीसाठी लागणारा स्वानुभव प्रामुख्याने प्रकल्पातून मिळतो.

२) प्रकल्प पोकळ होण्याचे प्रमुख कारण विद्यार्थ्याची वृत्ती हे नसून, फाईलला गुण देणारे मूल्यमापन आणि संरक्षण नसलेले वेळापत्रक हे आहे.

३) अहवालाचा रूढ आराखडा टाकून देण्याचे कारण नाही. त्यात नोंदविलेले निर्णय प्रत्यक्षात घेतले गेले आहेत, याची खात्री करणे आवश्यक आहे.

४) ग्रंथालयाची मराठी सूची यांसारखे स्थानिक प्रश्न तांत्रिकदृष्ट्या कसाचे आहेत आणि ग्रामीण विद्यार्थ्याच्या आवाक्यातलेही आहेत.

५) यंत्राकडून लिहून मिळणाऱ्या प्रोग्रॅमच्या काळात प्रश्न समजणे, निर्णयाचे समर्थन करणे आणि बदल करून दाखविणे या तीन क्षमताच मूल्यमापनाचा विश्वासार्ह पाया ठरू शकतात.

महाविद्यालयातून बाहेर पडलेला विद्यार्थी पुढे कोणत्या भाषेत प्रोग्रॅम लिहील, हे आज सांगता येत नाही. त्याने शिकलेली साधने काही वर्षांत मागे पडतील. परंतु ग्रंथपालासमोर बसून त्यांची अडचण समजून घेणे, त्यावर उपाय योजणे आणि तो तसाच का योजला हे कोणासमोरही सांगू शकणे ही क्षमता त्याच्याजवळ राहील. ती त्याला द्यावयाची तर अंतिम वर्षात त्याला प्रश्न विचारण्यासाठी प्रत्येकी पंधरा मिनिटे राखून ठेवणे, एवढी तरी तयारी विभागांनी दाखवावयास हवी.